उशाशी आणलेला दुधाचा डबा

वन्सं, पाहुणे गेले एकदाचे. तेराव्याची भांडी घासून पालथी घातली, मागून आणलेल्या सतरंज्या ज्याच्या त्याला पोचत्या केल्या, आणि आत्ता कुठे भिंतीला पाठ टेकायला मिळाली. रडायचंही राहूनच गेलं बघा. माणूस गेलं की घरातल्या बाईला रडायला सवड कुठे असते. चहाला पाणी किती टाकायचं ह्यातच दिवस मावळतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मालू, रड नंतर, आधी ते दूध उतू जातंय ते बघ."

तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. तुमचे उपास, तुमचं सोवळं, तुमच्या हातचं लिंबाचं लोणचं. ह्यांची थोरली बहीण म्हणजे आईच्या जागी, असंही पाचपन्नास वेळा ऐकून झालं. पण मला खरी वाटली ती शेजारची काकू. सुतकातच एका दुपारी दाराशी येऊन घुटमळत होती, पदराखाली काहीतरी धरलेलं. "काय आहे हो काकू?" म्हटलं तर "काही नाही गं, मग येईन." मी पदर बाजूला केला, तर अननसाचा डबा. तिला एकदम हुंदका आला. म्हणाली, "सवयीनं आले बघ. आता मला डबे कोण उघडून देणार? तो चाकू मला उलगडतासुद्धा येत नाही." भिंगारच्या आपल्या ह्या घरांच्या ओळीत तुमच्यासाठी जेवढे डोळे पुसले गेले, त्यातले तिचे तेवढे मनापासून ओले होते असं मला वाटलं.

तो चाकू ह्यांनी लढाईवरून आणला, तेव्हा तुम्ही त्याची केवढी चेष्टा केली होतीत! जाड, काळपट, मुठीत मावेल एवढा, आणि पोटातून एकेक काय काय निघायचं. एक पातं, एक टोकदार दाभण, डबा कापायचं आखूड वाकडं नख आणि बाटलीचं पत्र्याचं बूच उचकटायची खाच. ह्यांनी सगळं उलगडून तुमच्यापुढे पाटावर ठेवलं, तर तुम्ही म्हणालात, "बापू, हा चाकू आहे की खेकडा?"

हे म्हणाले, "अक्का, हसू नकोस. पात्याचं काम कधीमधी. पण ह्या नखाशिवाय आम्ही उपाशी मेलो असतो. मी लढाईत शत्रू पाहिलाच नाही, मी डबेच कापले."

"तुझ्या लढाईत डबे असतील. माझ्या घरात मिटलेलं असं आहेच काय? तेलाचं बुधलं उघडं, तुपाची बरणी उघडी, पिठाच्या डब्याला झाकण, तेही ढिलं. उघडायचं काय, माझं कपाळ?"

आणि पात्यालाही तुमच्याकडे काम नव्हतं. भाजी चिरायला विळी होती, आणि विळीवर बसणारी तुमच्यासारखी बाई असल्यावर चाकूचं पातं म्हणजे लग्नात आलेला तिऱ्हाईत. महिनाभर तो कोनाड्यात पडून होता. मग एकदा बाजेची सुंभं ढिली झाली, ती ओढून घ्यायला तुम्ही दाभण वापरलंत. मग रॉकेलचा रिकामा डबा वरून कापून पाण्याला केलात, तेव्हा नख वापरलंत. कापून झाल्यावर ह्यांच्याकडे न बघता म्हणालात, "नख बरं आहे." बस, तेवढंच. पुढे ह्यांची नेमणूक देवळालीच्या लष्करी कोठारात झाली, तिथे ह्यांनी ते वाक्य सगळ्यांना सांगितलं होतं.

डबा कापायची तुमची रीत मात्र फौजेची नव्हती, ती तुमची. झाकण पुरतं कापायचं नाही. बोटभर ठेवायचं, म्हणजे ते दारासारखं मागे वळतं आणि पुन्हा खाली दाबता येतं. मग कडा बत्त्यानं ठोकून आत मुडपायची, कुणाचा हात कापू नये म्हणून. ह्यांचं म्हणणं, "रिकामा डबा फेकायचाच तर असतो." तुम्ही म्हणायचात, "फेकणारे तुम्ही. डबा म्हणजे भांडं, बाबा. आतला माल हा वरकड." ह्यावर तुमचं दोघांचं कधीच एकमत झालं नाही, आणि आता व्हायचंही नाही.

पुढे लढाई संपली, लष्कराचा उरलासुरला माल भिंगारच्या बाजारात ढिगानं आला, आणि घरोघरी डबे आले. आत काय आहे ते ठाऊक नाही, उघडायचं कसं ते ठाऊक नाही, स्वस्त आहे म्हणून आणायचं. काकूंनी तर डबा मऊ पडेल म्हणून चुलीच्या निखाऱ्यात ठेवला होता. तो असा फुटला की फणसाच्या गऱ्यासारख्या फोडी आढ्याला चिकटल्या. तुम्ही जाऊन आढं बघितलंत, काकूंना बघितलंत, आणि म्हणालात, "आता प्रसाद पडेल तसा खा." त्या दिवसापासून ओळीतला प्रत्येक डबा आधी तुमच्यापुढे यायला लागला. हे सगळं आठवलं की मला हसू येतं, आणि हसण्याचेसुद्धा कष्ट होतात हल्ली.

पण मला बोलायचंय ते ह्याच्या आधीचं. माझी शकू झाली त्या उन्हाळ्यातलं.

तुम्हाला आठवतंय, वैशाख होता, हे देवळालीला. मी बाळंत झाले आणि तुम्ही पहिल्या प्रथम काय केलंत, तर तो चाकू आणून माझ्या उशाखाली सारलात. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड हवं, ते मलाही माहीत होतं. माझ्या माहेरी कोयता ठेवत. तुम्ही म्हणालात, "कोयता नको. हा बरा, तोंड मिटून असतो." आणि बजावलंत, "सव्वा महिना हा इथून हलायचा नाही. काही झालं तरी."

आठवडा झाला नाही तोच मला ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. शकू चोखून चोखून दमायची आणि चिडायची. गवळण यायची तिचंही एक दिवस भांडं रिकामं. दारातच बसली आणि म्हणाली, "म्हस आटली वो बाई. वैरन न्हाई, पानी न्हाई, दूध कुठनं यील? लेकरासाठी जीव लई तुटतो, पन काय करू?" नगरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, म्हणाल्या, आटवलेल्या दुधाचे विलायती डबे मिळाले तर बघा, उकळलेल्या पाण्यात पातळ करून पाजा. आणि डबे घरातच होते! ह्यांनी मागच्या खेपेला कॅन्टीनमधून आणून फडताळात ठेवलेले. तुम्ही लगेच काढलेत. तुमच्यासारखी सोवळ्याची बाई, मला वाटलं होतं आधी कुठल्या गाईचं, कुणी काढलं, अशी चौकशी होईल. तर तुम्ही म्हणालात, "पोराच्या पोटाला सोवळं नसतं."

मग तुम्ही डबा घेऊन माजघरात बसलात, आणि मला आतून आवाज यायला लागले. आधी विळीचे. मग अडकित्त्याचे. मग खिळा आणि बत्ता. शकूचा आवाज बारीक होत चालला होता, आणि तुमचा ठोकायचा आवाज मोठा. शेवटी तुम्ही दारात आलात, घामानं निथळत. हातातला डबा चेपून वाकडा झालेला, विळीच्या पात्याला दात पडलेला, आणि डबा काही उघडलेला नाही.

मी म्हटलं, "वन्सं, चाकू इथे माझ्या उशाखाली आहे. त्याला डबे कापायचंच नख आहे. घ्या ना हो!"

"हलवायचा नाही म्हणून सांगितलंय."

"मग दुसरं लोखंड ठेवा. अडकित्ता ठेवा."

"ठेवलेलं उचलायचं नाही, मालू!"

मला इतका संताप आला तुमचा! अंगात ताप, कुशीत पोर कण्हतंय, आणि ही बाई चाकूवर नागासारखी बसलीय. मी काहीबाही बोलले. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार, असंही तोंडून गेलं. भर दुपार होती, बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. तुम्ही डबा मांडीवर घेऊन खाली बसलात आणि जमिनीकडे बघत बोललात. तुमच्या सासरी, शेवगावाकडे, तुम्हाला मुलगा झाला होता. त्याला तुम्ही बाळू म्हणायचात. त्याच्या उशाशी कोयता होता. घरात काही पूजा होती, नारळ फोडायला दुसरा कोयता सापडेना, म्हणून सासूबाईंनी हाक मारली आणि तुम्ही उशाखालचा काढून दिलात. नारळ फुटला, तुम्ही कोयता धुऊन पुन्हा होता तिथे ठेवलात. दिवे लागायच्या वेळी पोराचं अंग तापलं आणि दोन दिवसांत संपलं. "लोखंड हललं आणि पोर गेलं," सासूबाई म्हणाल्या. त्या घरातून कुंकू पुसून माहेरी येईपर्यंत ते तुम्हाला रोज ऐकायला लागलं. ह्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा हे लंगोटीत होते. तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतंत. मला सांगितलंत, आणि वर म्हणालात, "मला कळतं गं मालू. म्हणूनच म्हणते."

मी शकूला जवळ ओढलं.

आणि मग तुम्ही जे केलंत ते करायला तुम्हीच हव्या होतात. डबा घेऊन उठलात, माझ्या उशाशी गुडघे टेकलेत, डबा उशीवर शकूच्या डोक्याशेजारी ठेवलात. उशीचा कोपरा दुमडून चाकू होता तिथेच उघडा केलात, मूठ गादीला टेकलेली तशीच ठेवून नख उलगडलंत. चाकू जागचा न उचलता तुम्ही डबाच त्याच्यावर फिरवलात. एका हातानं चाकू गादीत दाबून धरलेला, दुसऱ्या हातानं डबा गरगर, तोंडानं रामरक्षा. पत्रा कुरकुरला, आणि ते पिवळट, घट्ट, गोड दूध उशीवर सांडलं. माझ्या केसांत गेलं. मुंग्या होतील म्हणून मी ओरडले, तर तुम्ही म्हणालात, "होऊ देत. मुंग्यांनाही बाळंतविडा." दूध पातळ करून, वाती पिळून पिळून तुम्ही शकूच्या तोंडात थेंब सोडलेत. ती चुटूचुटू चोखायला लागली तशी तुम्ही पुढची वात भिजवलीत. त्यानंतर प्रत्येक डबा उशाशी आला.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, वन्सं. ते सांगायलाच बसलेय.

बारशाला हे रजा काढून आले. डेपोतले दोघं मित्र आले होते, त्यांनी लेमनच्या बाटल्या आणल्या, त्या गोटीच्या नव्हेत, पत्र्याच्या बुचाच्या. बुचं काढायची कशी? हे सरळ खोलीत आले, उशीखाली हात घातला आणि चाकू काढला. माझ्या तोंडून "अहो, नको" निघेपर्यंत खिशात घातलासुद्धा. "अक्का बघेल," मी म्हटलं. तर हे हसले, फडताळावरचं पितळी कुलूप उचललं आणि उशीखाली सारलं. म्हणाले, "चाचपून बघितलं तरी कळायचं नाही. तिची भीती मी घालवतो. सव्वा महिना होऊ दे, मग सांगतो तिला, बघ, पितळ होतं आणि पोरगी टुणटुणीत आहे!" थट्टेवारीच होती त्यांची. त्यांना बाळूचं ठाऊक असतं तर हात लावायची छाती झाली नसती.

रजा होती तोवर तो चाकू ह्यांच्या कोटात खुंटीला लटकत होता. डबे हे मागच्या पडवीत बसून कापायचे आणि तुम्हाला सांगायचे, "उशाशीच कापला गं." तुम्ही रोज संध्याकाळी धूप फिरवताना उशी चाचपायचात, कुलपाचा उंचवटा हाताला लागला की समाधानानं बाहेर जायचात. मी मराठी सातवी झालेली, मुलींच्या शाळेतल्या बाईंच्या हाताखाली शिकलेली, असल्या गोष्टी न मानणारी. पण खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी माझी छाती धडधडत होती. शकूला साधी उचकी लागली तरी मी कुलपाकडे बघायची. दुसऱ्या दिवशी कमी धडधडली. नंतर विसरले. शकूनं त्याच दिवसांत बाळसं धरलं, गालाला खळी पडायला लागली. जाताना ह्यांनी चाकू पुन्हा उशाखाली ठेवला आणि तुम्हाला सांगायला मी ह्यांना मनाई केली. म्हटलं, मी सांगेन, वेळ बघून.

वेळ काही येईना. सव्वा महिना झाला, तुम्ही मला न्हाऊ घातलंत, आणि ओळीतल्या बायकांना सांगत सुटलात, "लोखंड तसूभर हलू दिलं नाही मी. डबा उशाशी आणला, पण चाकू नाही हलवला. म्हणून पोर हाती लागलं." तुमचा चेहरा काय सांगू! आयुष्यात एकदा काहीतरी तुमच्या हातून नीट पार पडलं होतं. ते मी कसं काढून घेऊ? शकूला गोवर निघाला तेव्हा तर तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन विचारलंत, "मालू, खरं सांग, तेव्हा हललं तर नव्हतं ना गं?" पोर तापानं फणफणलेलं, तुम्ही अर्ध्या झालेल्या. मी म्हटलं, "नाही हो वन्सं." दुसरं काय म्हणणार होते? गोवर गेला, आणि तुम्ही पुन्हा म्हणालात, "बघ, हललं नव्हतं ना." प्रत्येक वेळी तुम्ही असं म्हणायचात, आणि त्याच्या पाठोपाठ 'हललं म्हणूनच बाळू गेला' हे ओझं तुमच्यावर अजून थोडं चढायचं, ते मला दिसत होतं. सांगावं तर तुमची जीत जाते. न सांगावं तर तुमचा अपराध राहतो. ह्या दोहोंच्या मधे मी चार वर्षं पोळ्या लाटल्या, वन्सं. दमले.

काल संध्याकाळी उरलेली चार घरची माणसं बसली होती, आणि हे तुमच्या आठवणी सांगता सांगता हसून म्हणाले, "अक्काला एकदा मी असं फसवलं होतं..." मी अशी नजर टाकली की पुढचा शब्द त्यांनी गिळला. सगळे गेल्यावर त्यांना बसवून बाळूचं सांगितलं. ऐकताना हे माझ्याकडे बघेनात. धोतराचा सोगा बोटाला गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही गं. मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं. पाय धरून सांगितलं असतं." आणि मोठ्यानं रडले. तुमच्या चितेपाशी रडले नव्हते तसे.

म्हणून आता मीच सांगते. ऐका. चाकू उशाशी नव्हता, वन्सं. तुमच्या भावाच्या कोटाच्या खिशात होता, रजा होती तोवर. उशाखाली पितळेचं कुलूप होतं, आणि त्याच उशीवर शकू हसायला शिकली. ह्या क्षणी अंगणात काकूंच्या नातीशी भांडतेय, घसा फोडून. तिला लोखंडानं राखलं नाही हो. तुम्ही राखलंत. गुडघे टेकून, डबा उशीवर घेऊन, वातीवातीनं दूध पाजून तुम्ही राखलंत, आणि ते श्रेय तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

आणि बाळू तापानं गेला. त्या काळात घरोघरी जात होती पोरं, कोयता उशाशी असलेलीही जात होती. सासूनं हाक मारली, तुम्ही नारळ फोडायला कोयता दिलात, धुऊन परत ठेवलात. एवढंच झालं. तुमच्या हातून तुमचं पोर गेलं नाही, वन्सं.